कुरर आणि वरचा मजला

आजचे वाचन: श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय ९ (सुरुवातीचा कुरराचा प्रसंग)



अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये कुरर अठरावा. प्रसंग अगदी छोटा. कुरराकडे मांसाचा तुकडा होता. ज्यांच्याकडे तो नव्हता, असे दांडगे पक्षी त्याच्यावर तुटून पडले. त्याने तुकडा टाकला आणि तो सुखी झाला. बस्स, एवढंच.

आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा तिच्यात टिटवी असायची आणि टिटवीच्या चोचीत मासा. मराठीत बऱ्याच ठिकाणी असंच सांगतात. टिटवी किडे-अळ्या खाते हे मला पक्षी बघायला लागल्यावर कळलं (आजीला सांगितलं असतं तर तिने मलाच वेड्यात काढलं असतं!). कुरर म्हणजे मासे पकडणारा शिकारी पक्षी ऑस्प्रे असावा असं पुष्कळ जण मानतात, आणि मला ते पटतं.

गेल्या शनिवारी दोघंही भेटले. एप्रिलचा पहिला आठवडा, स्कॉटलंडमधलं स्पे नदीचं खोरं. मागे केर्नगॉर्मच्या डोंगरांवर बर्फ तसंच होतं. सकाळी इन्श मार्शेसच्या पाणथळ कुरणावर तिकडच्या तुरेवाल्या टिटव्या हवेत कोलांट्या मारत होत्या. दुपारी लॉक गार्टन तळ्याकाठच्या जुन्या पाइनच्या जंगलात गेलो. झाडांखाली मऊ शेवाळ, पाऊल वाजतसुद्धा नाही.

या तळ्याची एक कथा आहे. ब्रिटनमध्ये ऑस्प्रेची इतकी शिकार झाली, अंडी जमवणाऱ्या हौशी लोकांनी घरटी इतकी लुटली, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची वीण जवळपास थांबली. १९५४ मध्ये एक जोडी इथे परतली. १९५८ मध्ये पहारा असूनही चोराने घरटं लुटलं. १९५९ मध्ये मात्र पिल्लं उडाली. आणि त्याच वर्षी राखणाऱ्यांनी लपवाछपवी सोडून लोकांना लांबून घरटं बघू द्यायला सुरुवात केली. कपाटात ठेवण्यासाठी अंडं हवं असणं आणि दुर्बिणीतून नुसतं बघून घरी जाणं, दोन्हीला लोक पक्ष्यांचं वेडच म्हणतात!

आता माझं सांगते. आदल्या रात्री भावाशी फोनवर कडाक्याचं भांडण झालं होतं. साताऱ्याच्या घराच्या वरच्या मजल्यावरून. मी तिथे राहायला जाणार नाही, हे मला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे. तरी आठ महिने मी तो मजला चोचीत धरून फिरतेय. त्या रात्री मी त्याला जे बोलले ते इथे लिहिणार नाही.

तळ्यावर बसून मनात हेच चाललं होतं. तेवढ्यात ऑस्प्रे आला, पायात मासा. मासा धरतो तो डोकं पुढे करून, म्हणजे वारा कमी अडतो. मागे दोन कावळे आणि एक कुरव. मी अक्षरशः श्वास रोखला. म्हटलं, आता टाकणार!

त्याने टाकला नाही. दोनदा वळला, खाली गेला, आणि मासा घेऊन पाइनच्या शेंड्यामागे गायब झाला.

क्षणभर शास्त्रच खोटं पडल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं, या दिवसांत नर मादीला मासे आणून देतो. पश्चिम आफ्रिकेतून हजारो किलोमीटर उडून तो इथे संसार मांडायलाच आलेला असतो. त्याचा मासा कुणाच्या तरी पोटात जाणार होता. अवधूतही मासा पकडण्याला पाप म्हणत नाही. तो बोलतो परिग्रहाबद्दल, आवडती वस्तू माझीच म्हणून कवटाळण्याबद्दल. माझ्या वरच्या मजल्यावर कोण उपाशी होतं?

आणखी एक. कुररामागे लागलेल्या पक्ष्यांचं कुरराशी वैर नव्हतंच. त्यांना तुकडा हवा होता. तो खाली पडला तसे ते पांगले. आठ महिने मी भावालाच शत्रू समजत होते. त्याच्या दृष्टीने तुकडा माझ्याकडे होता, इतकंच.

हे सगळं कळूनही फोन करायला मला मंगळवार उजाडला. वहिनींनी उचलला, म्हणाल्या, "ते अंघोळीला गेलेत, ताई. थांबता का?" मी थांबले.

उद्या याच अध्यायातलं पुढचं: लहान मूल.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥