दप्तरातील नाव

एज्राच्या ग्रंथात एक लहानसा प्रसंग आहे. बाबेलच्या बंदिवासातून यहुदी लोक यरुशलेमला परतले, तेव्हा याजकांच्या काही घराण्यांनी आपल्या वंशावळीची नोंद शोधली. ती सापडली नाही. म्हणून त्यांना याजकपदापासून दूर ठेवण्यात आले. ते याजकवंशाचे नाहीत असे कोणी सिद्ध केले नव्हते. कागद मिळाला नाही, एवढाच त्यांचा अपराध! त्याच ग्रंथात पुढे मंदिराच्या बांधकामाला हरकत घेतली जाते. तेव्हा राजाज्ञेने सरकारी दप्तर धुंडाळले जाते, कोरेश राजाचे जुने फर्मान हाती लागते आणि थांबू पाहणारे काम पुढे चालू राहते.

हा प्रसंग आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. पण त्याचा अर्थ आम्हांला भिवंडीत कळला. तालुक्यातील एका पाड्यावरचे वारली गृहस्थ आमच्याकडे आले. ते महामार्गालगतच्या एका गोदामात हमाली करतात. मुलीला परिचारिका-शिक्षणासाठी प्रवेश हवा होता आणि त्यासाठी जातवैधता प्रमाणपत्र. पणजोबांच्या जन्माची नोंद आणा, असे त्यांना सांगण्यात आले. आम्ही त्यांच्यासोबत एका कचेरीत गेलो. गाव नमुना १४ चे, म्हणजे कोतवाल बुकाचे, बाड निघाले. पण हवी ती पाने वाळवीने खाल्ली होती. 'अभिलेख जीर्ण, नक्कल देता येत नाही' असा शेरा मारून अर्ज परत मिळाला. परतताना ते म्हणाले, "फादर, गोदामात एक खोका हरवला तर माझा पगार कापतात. माझ्या पणज्याचा कागद हरवला, तर कोणाचा पगार कापायचा?" पुढे एका जुन्या शाळेच्या रजिस्टरात त्यांच्या चुलत आजोबांचे नाव मिळाले, पण तोवर प्रवेशाचे एक वर्ष निघून गेले होते.

त्या प्रश्नावर आम्ही बराच विचार केला. आमच्या भिवंडीत विस्तीर्ण गोदामे आहेत. तेथे दूरदूरचा माल येतो, प्रत्येक खोक्यावर क्रमांक असतो आणि तो छपराखाली कोरडा राहतो. मालाची एवढी निगा आम्हांला जमते. मग माणसाच्या नावाची निगा का जमू नये?

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. दवाखान्यांत औषध नाही, शाळांची छपरे गळतात. अशा राज्यात जुन्या कागदांवर पैसा कशाला? वंशावळी शोधणे हा हौशी लोकांचा छंद आहे, तर खर्चही त्यांनीच सोसावा. या आक्षेपात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. भुकेल्याच्या ताटाआधी दप्तराचे कपाट येऊ शकत नाही. परंतु पाहणे आवश्यक आहे ते हे की, दप्तर कोणाच्या उपयोगी पडते. ज्यांच्याजवळ वतने होती, त्यांच्या सनदा घरच्या पेटीत राहिल्या. ज्यांना तीर्थयात्रा परवडली, त्यांची नावे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरली. भूमिहीनाचे, वेठबिगाराचे नाव मात्र लिहिले ते सरकारी कारकुनाने, कोतवालाने किंवा शाळामास्तराने. तो कागद गेला, की त्याचा पूर्वजच गेला. म्हणून दप्तरखाना हा गरिबाचा एकमेव वाडा आहे, असे आम्हांला वाटते.

दुसरी गोष्ट न्यायाची. जातप्रमाणपत्रांविषयीच्या २००० सालच्या राज्य कायद्याने आपला दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर ठेवली आहे. ठीक आहे, खोटे दावे होतात, चाळणी हवीच. पण जो पुरावा मागतो आणि ज्याच्या कोठडीत पुरावा असतो, तो एकच असेल, तर पुरावा जपणे हा त्याचा धर्मच ठरतो. न जपलेल्या कागदाबद्दल नागरिकाला दंड करणे हे नीतीला धरून नाही.

कागद जपणे या भूमीला नवे नाही. गोव्यात १५९५ साली दप्तरखाना स्थापन झाला, त्याचे पहिले रक्षक दियोगो द कोतो हे इतिहासकार होते. मुंबईचे दप्तर १८२१ पासूनचे, तर पुण्यात पेशवे दप्तराचे मोडी रुमाल १८९१ च्या इमारतीत आहेत. केंद्राने १९९३ साली व महाराष्ट्राने २००५ साली सार्वजनिक अभिलेखांचे कायदेही केले. पण कायद्याने वाळवी मरत नाही. त्यासाठी माणसे लागतात, पगार लागतात. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची चणचण सर्वांना जाणवली. आरक्षणाच्या वादात आम्ही पडत नाही. परंतु आंदोलन पेटल्यावर दप्तराची आठवण होते, एरवी होत नाही, हे काही सुदृढ राज्याचे लक्षण नव्हे.

आणखी एक शंका आमच्याच मनात येते. वंशावळीच्या शोधातून कुळाचा गर्व तर वाढणार नाही? संत पौलाने तिमथ्याला अंतहीन वंशावळींच्या नादापासून सावध केले आहे. पण संत मत्तयाने आपले शुभवर्तमान वंशावळीनेच आरंभले आणि तीत तामार, राहाब, रूथ यांची नावे गाळली नाहीत. खरी वंशावळ गर्व वाढवत नाही, उतरवते. परके, पतित, दरिद्री असे सारेच आपल्या घरचे निघतात. दोष दप्तराचा नाही. दप्तराची निवडक पानेच वाचण्याचा आहे.

शेवटी आपल्या अंगणाकडे पाहू. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली धर्मगुरूंना विवाहाची नोंदवही ठेवण्याची आज्ञा केली. तरी आमच्या एका पूर्वीच्या धर्मग्रामात स्नानसंस्काराच्या वह्या आम्ही ओलसर भिंतीच्या कपाटात वर्षभर तशाच राहू दिल्या आणि दोन वह्या गमावल्या. शासनाला दोष देण्यापूर्वी ही कबुली देणे आम्हांला भाग आहे.

म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांना आमची विनंती: आपल्या वह्या आपण नीट राखू या. आणि मत मागण्यास येणाऱ्या उमेदवाराला रस्ता-पाणी विचारताना हेही विचारू या, की तालुक्याच्या अभिलेख कक्षाचे छप्पर गळते काय? त्या छपराखाली कोणा मुलीच्या पणजोबांचे नाव आहे.