मिरजेपासून की मक्केपासून?

मुस्लीम श्रद्धा, इतिहास आणि संस्कृती हा पदवीचा मायनर म्हणून शिकवायचा, तर पहिला पेच अभ्यासक्रम कुठून सुरू करायचा हा असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे मुख्य विषयाच्या जोडीला दुसऱ्या विषयाचे श्रेयांक घेण्याची वाट मोकळी झाली. सातारा-सांगलीत, म्हणजे शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात, असा मायनर घेणारा विद्यार्थी बहुधा मुस्लीम नसेल. मात्र गावातले मुलाणी, शिकलगार, बागवान त्याला लहानपणापासून माहीत असतील. पेचाच्या दोन बाजू दोन अध्यापकांच्या तोंडून मांडता येतात. एक आहेत साताऱ्याचे इतिहासाचे प्राध्यापक, दुसऱ्या सांगलीच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका.

इतिहासाच्या प्राध्यापकांचे म्हणणे असे, की सुरुवात मिरजेपासून व्हावी. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाचा मानाचा गलेफ, म्हणजे मजारीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ १९३७ साली मद्रासजवळ वारले, तरी दफन याच दर्ग्याच्या आवारात झाले, आणि उरुसात आजही तिथे गाण्याची हजेरी लागते. शहरातल्या सतारमेकरांची घराणी एकोणिसाव्या शतकापासून सतारी-तंबोरे घडवत आली. कडेगावच्या मोहरमात उंच ताबूत हिंदू-मुस्लीम मिळून उभे करतात. "मॅडम, विद्यार्थ्याला एसटीने जाऊन डोळ्यांनी पाहता येईल असा धर्म आधी दाखवावा. मग पुस्तक उघडावे."

"सर, हे सगळे खरे आहे," प्राध्यापिका उत्तर देतात, "पण यातून विद्यार्थ्याला आवडेल तेवढाच इस्लाम त्याच्या वाट्याला येतो. सूर, सतार, गलेफ यांचे कौतुक करणे सोपे आहे. अल्लाह एकच, त्याच्याशी बरोबरी कोणाचीच नाही, हा तौहीदचा विचार कळला नाही, तर दर्ग्यात मागणे मागण्यावर कित्येक मुसलमानच आक्षेप का घेतात हेही कळणार नाही. वलीच्या, म्हणजे संताच्या, मध्यस्थीवर श्रद्धा ठेवणारे आणि ती चूक मानणारे, असा वाद समाजाच्या आत जुना आहे. दर्ग्यावर न जाणाऱ्या माणसाला आपला विद्यार्थी कट्टर ठरवून मोकळा होईल."

हा आक्षेप वजनदार आहे. तरी त्याला एक उत्तर मिळते: ग्रंथापासून सुरुवात केली तर चूक उलट बाजूने होते. कुराण, हदीस आणि फिकह (धर्मशास्त्रीय कायदा) यांची तोंडओळख झालेला विद्यार्थी समजू लागतो, की शेजारचा अत्तार सकाळपासून रात्रीपर्यंत ग्रंथ विचारूनच वागतो. हिंदू माणसाबद्दल असा समज कोणी केला तर तोच विद्यार्थी हसेल.

इतिहासाच्या घटकाला या भागात दोघेही सर्वांत अवघड मानतात, आणि ते बरोबर आहे. प्रतापगड साताऱ्यात आहे. १० नोव्हेंबर १६५९ ची भेट इथल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. पण ज्याने अफझलखानाला पाठवले ती आदिलशाही काय होती, हे फारसे कोणी सांगत नाही. त्या दरबारात शिया-सुन्नी वळणे आलटून पालटून आली, दुसऱ्या इब्राहिमाने 'किताब-ए-नौरस'मध्ये सरस्वतीला वंदन केले, गावचा कारभार मराठी देशमुख-कुलकर्ण्यांच्या हाती राहिला, खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता. २००९ साली याच भेटीच्या चित्रावरून मिरज पेटली. "म्हणून हा भाग वगळावा का?" या प्रश्नावर दोघांचे नाही असेच उत्तर येते. वगळलेला इतिहास मिरवणुकीत शिकवला जातो.

टीका शिकवावी की नाही, यावर मतभेद थोडा आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणच्या घराण्यातले जोतीराव फुले यांनी महंमदांविषयी आदराने काव्य लिहिले. हमीद दलवाईंनी १९७० साली पुण्यात मुस्लीम सत्यशोधक मंडळ काढून आपल्या समाजाला खडे प्रश्न विचारले. फुले ठेवून दलवाई गाळायचे, किंवा दलवाई वाचून समाज कळला असे मानायचे, दोन्ही अप्रामाणिक ठरेल.

राहतो तो शिकवणाऱ्याचा प्रश्न. प्राध्यापक विचारतात, "श्रद्धा नसलेल्याला श्रद्धा शिकवता येते?" प्राध्यापिका अल-बिरुनीचे नाव घेतात. गझनीच्या महमुदाच्या स्वाऱ्यांच्या काळात हा मुस्लीम पंडित संस्कृत शिकला आणि १०३० च्या सुमारास हिंदूंचे विचार त्यांच्याच ग्रंथांच्या आधाराने मांडले, खंडनाचा हेतू बाजूला ठेवून. त्याला श्रद्धा बदलावी लागली नाही, भाषा मात्र शिकावी लागली. मराठीत सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनांवर हेच केले. त्यांचे सूफी संप्रदायावरचे लेखन म्हणूनच टिकले.

यावरून निवाडा पगडींच्या वाटेने द्यावा लागतो. मिरजेपासून सुरुवात करायला हरकत नाही, पण पहिल्याच सत्रात दर्ग्याच्या भेटीच्या जोडीला तौहीदचा पाठ आणि त्या दर्ग्याला नकार देणाऱ्या मुसलमानाचे म्हणणे असलेच पाहिजे. आणि सातारा-सांगलीतल्या ज्या महाविद्यालयाला हा मायनर सुरू करायचा आहे, त्याने आधी फारसी किंवा दखनी मुळातून वाचणारा एक तरी अध्यापक नेमावा. तो मिळेपर्यंत विषय जाहीर करू नये.