गाईची प्रतिष्ठा कुठे असते?

स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतात मार्टिनी नावाचे गाव आहे. तिथे रोमन काळातले दगडी प्रेक्षागार अजून उभे आहे. दर शरद ऋतूत भरणाऱ्या जत्रेत या रिंगणात झुंजी होतात आणि झुंजतात त्या गाई. एराँ जातीच्या या गाई बुटक्या, रुंद कपाळाच्या, काळ्या-तपकिरी असतात. अंगावर पांढऱ्या रंगात आकडा लिहिलेला असतो आणि शिंगांची टोके घासून बोथट केलेली असतात. दोघी समोरासमोर येतात, खुरांनी माती उकरतात, माना खाली घालतात आणि शिंगाला शिंग भिडते. कुणी चाबूक ओढत नाही, कुणी शेपूट पिळत नाही. एकीला वाटले की आपला टिकाव लागत नाही, तर ती पाठ फिरवते. तिथे लढत संपते. एखादीला लढायचेच नसेल, तर ती उभी राहून इकडेतिकडे बघते आणि पंचांना ते मान्य करावे लागते.

ही झुंज माणसाने शिकवलेली नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला निरनिराळ्या गोठ्यांतल्या गाई उंच कुरणावर एकत्र येतात, तेव्हा कळपात पुढे कोण चालणार याचा निकाल त्या आपापसात असाच लावतात. जिंकेल ती राणी. माणसाने त्या निकालाभोवती कठडा घातला, तिकीट लावले, बक्षीस म्हणून घंटा ठेवली.

परदेशी पाहुण्याला हे पाहून अस्वस्थ वाटते आणि दोन-तीन दिवसांनी देशाच्या दुसऱ्या टोकाला आपेन्झेलमध्ये गुरांचे प्रदर्शन पाहिले की मन निवते. तिथे फुले असतात, घंटा असतात, पारंपरिक पोशाखातली मुले असतात. पण नैतिक प्रश्न लावून पाहिला तर हे वाटणे उलटे ठरण्याची शक्यता आहे. त्यासाठी मार्टिनीहून आपेन्झेलपर्यंतचा रस्ता गाडीने करावा, आणि सोबत स्विस राज्यघटनेतले एक कलम ठेवावे.

1992 साली स्विस मतदारांनी जनुकतंत्रज्ञानाबद्दलच्या एका तरतुदीला कौल दिला. तिच्यात सजीवांच्या प्रतिष्ठेचा उल्लेख होता. आजच्या घटनेत ती 120 व्या कलमात आहे. पुढे 2005 चा प्राणीसंरक्षण कायदा आला, 2008 पासून अमलात आला आणि त्याने ही प्रतिष्ठा म्हणजे काय ते सांगितले: प्राण्याचे स्वतःचे असे मूल्य. वेदना, इजा, भीती यांनी ते दुखावते हे कुणालाही पटेल. पण कायदा पुढे जातो. प्राण्याची मानहानी करणे, त्याच्या रूपात किंवा क्षमतेत खोलवर ढवळाढवळ करणे, त्याला निव्वळ साधन बनवून टाकणे, यांनीही ते दुखावते, असे तो म्हणतो. सबळ कारण नसेल तर हे सारे गुन्ह्यात मोडते.

तत्त्वज्ञ कांटच्या मते प्राण्याशी क्रूरपणे वागू नये, कारण त्याने माणूस निबर होतो आणि मग माणसांशीही तसाच वागतो. म्हणजे कर्तव्य शेवटी माणसाप्रतच. स्विस कायद्याने तो आडमार्ग सोडून दिला. वेदना झाली नाही, पाहणाऱ्याचे मन निबर झाले नाही, तरीही प्राण्यावर अन्याय झालेला असू शकतो, हे त्याचे म्हणणे. यावर आक्षेप सोपा आहे: ज्याला अपमान कळत नाही त्याचा अपमान कसा होईल? उत्तर रिंगणातल्या त्या गाईकडे आहे. तिला काही हवे असते, काही नको असते, कळपात तिचे स्थान असते आणि ते कमावण्याची तिची स्वतःची रीत असते. आपल्याला तिच्याकडून काय हवे आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. प्रतिष्ठा म्हणायची तर ती या आपल्याआधीच्या आयुष्यात आहे.

ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून रस्ता पूर्वेकडे चढत जातो आणि 2,429 मीटर उंचीच्या फुर्का घाटात पोचतो. वाटेत ऱ्होनची हिमनदी दिसते. वितळण्याचा वेग कमी व्हावा म्हणून उन्हाळ्यात तिच्या एका भागावर पांढरी कापडे अंथरतात. पलीकडे उरी प्रांत. क्लाउझेन घाट ओलांडला की डोंगरांच्या कुशीत लांबच लांब सपाट कुरण उलगडते, उर्नरबोडेन. देशातले गाईंचे सर्वांत मोठे उन्हाळी कुरण म्हणून ते ओळखले जाते. तिथे हजारावर गाई चरतात. ऑक्टोबरमध्ये मात्र ते रिकामे असते, गुरे खाली उतरलेली असतात.

उरीसारख्या कॅथलिक प्रांतांतल्या कुरणांवर उन्हाळ्यात संध्याकाळी गुराखी उंचवट्यावर उभा राहतो. दूध गाळायचे लाकडी नरसाळे तोंडाला लावून तो प्रार्थनेची हाक देतो. मेरी, येशू आणि संतांची नावे घेऊन तो रात्रीपुरते रक्षण मागतो: माणसांचे, गुरांचे, कुरणावर जे जे आहे त्या सर्वांचे. हाक जिथवर ऐकू जाईल तिथवर काही वाईट होणार नाही, अशी श्रद्धा. त्या आवाजाच्या वर्तुळात गाय आणि गुराखी एकाच छत्राखाली येतात. आणि त्याच कळपातल्या काही गाई हिवाळ्याआधी खाटकाकडे जातात.

हे ढोंग आहे का? नाही. प्रार्थना करणाऱ्याला आपण काय करतो ते पुरते ठाऊक असते. बाझेलचे थोर धर्मचिंतक कार्ल बार्ट यांनी 1951 साली या प्रश्नाला हात घातला. प्राण्याला मारणे हे माणसाला मारण्याच्या फार जवळचे कृत्य आहे, गरजेच्या रेट्याखेरीज ते करता येत नाही, आणि तो जीव आपला नसून देवाचा आहे हे जाणूनच करता येते, अशी त्यांची मांडणी होती. अहिंसेच्या परंपरेत वाढलेल्याला ही तडजोड वाटेल. पण ती मारणाऱ्याला सुखाने झोपू देत नाही, आणि म्हणूनच तिला वजन आहे.

आपेन्झेलमध्ये प्रदर्शनाच्या दिवशी शेतकरी पहाटेच गुरे घेऊन पायी निघतात. पुढे पांढऱ्या शेळ्या, त्यांच्यामागे मोठ्या घंटा बांधलेल्या गाई, बाजूला पिवळ्या विजारी आणि लाल जाकिटे घातलेले पुरुष. मैदानावर तपकिरी गाई लाकडी आडव्याला ओळीने बांधतात. परीक्षक पाठीची रेषा, पाय, खूर बघतात आणि बराच वेळ कासेपाशी थांबतात. शेतकऱ्याच्या चेहऱ्यावरचा अभिमान अस्सल असतो. गावच्या या प्रदर्शनात दोष काढण्यासारखे फारसे नाही.

पण मोठ्या प्रदर्शनांत, जिथे विजेतीच्या वासरांना भाव येतो, तिथे कास भरदार दिसावी म्हणून धार काढणे लांबवण्याचे प्रकार घडले. कासेला सूज येईपर्यंत दूध तुंबवले गेले. म्हणून आता तिथे कासेची सोनोग्राफी करून सूज तपासतात. गाईला दुखते, हा त्यातला अर्धा भाग. उरलेला अर्धा असा की वासराच्या तोंडासाठी घडलेला अवयव परीक्षकाच्या डोळ्यांसाठी फुगवला जातो. कायद्यात ‘साधन बनवणे’ म्हटले आहे ते हेच. रिंगणातली राणी स्वतःसाठी लढत असते. इथली विजेती कशासाठी उभी आहे हे तिला कळण्याचा मार्गच नाही.

शिंगांचेही तसेच. स्विस पर्यटन-पत्रकांवरच्या गाईला शिंगे असतात, गोठ्यातल्या बहुतेकींना नसतात. वासरू लहान असतानाच भूल देऊन शिंगांचे कोंब डागतात किंवा बिनशिंगी वाण पाळतात. आर्मिन कापाउल या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्याने याविरुद्ध लाखावर सह्या जमवल्या. शिंगे राखणाऱ्या शेतकऱ्याला सरकारी अनुदान मिळावे, एवढीच मागणी. 25 नोव्हेंबर 2018 ला मतदान झाले आणि 54.7 टक्क्यांनी ती फेटाळली. विरोधकांचा मुद्दा पोकळ नव्हता: शिंगांच्या गाईंना मोकळ्या गोठ्यात जास्त जागा लागते, तेवढी नसेल तर शेतकरी त्यांना दाव्याला बांधून ठेवतील. शिंगे की मोकळेपणा, असा पेच. पण हा पेच गाईने घातलेला नाही, जागेच्या खर्चाने घातला आहे.

भारतातही ‘प्रतिष्ठा’ हा शब्द न्यायालयात पोचला आहे. 2014 साली जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घालताना सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांच्या प्रतिष्ठेचा आधार घेतला होता. 2023 साली घटनापीठाने या खेळांना मुभा देणारे महाराष्ट्रासह तीन राज्यांचे दुरुस्ती कायदे वैध ठरवले आणि प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत असे मानायला नकार दिला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तुपाहळदीने मळणारा शेतकरी प्रतिष्ठा जाणतोच. जुवाने ते खांदे सोलवटतात हे तो कबूल करत असतो. शर्यतीच्या घाटात त्याच बैलाला विचारायचा प्रश्न मार्टिनीतलाच आहे: कुणी हाकलले नसते, तर हा धावला असता का?

स्वित्झर्लंडच्या प्रवासात शेतावर मुक्काम करता येतो, आणि तिथे शेतकऱ्याला अवघड प्रश्न विचारता येतात. 2020 पासून स्वित्झर्लंडमध्ये प्रांताची परवानगी घेऊन जनावराला त्याच्याच अंगणात किंवा कुरणावर मारण्याची मुभा आहे. ट्रकमधला प्रवास नाही, अनोळखी आवारातली घबराट नाही. बार्ट यांनी घातलेल्या अटीच्या जवळ जाणारे हे पाऊल आहे. मात्र असे करणारे शेतकरी थोडे आहेत. सघन पशुपालनावर बंदी घालण्याचा प्रस्ताव 2022 मध्ये जवळपास 63 टक्के मतदारांनी नाकारला. ज्यांना तरीही निवड करायची आहे त्यांना ती दुकानात करावी लागते. चीजवर ‘डेमेटर’ या जैवगतिक शेतीच्या संस्थेची खूण असेल तर ते दूध शिंगे राखलेल्या गाईंचे असते, कारण त्या संस्थेच्या नियमांत शिंगे डागायला मनाई आहे. त्याची किंमत जास्त असते, आणि ती मागताना शेतकरी संकोचत नाही.