स्वाराचा शब्द आणि घरधन्याचा शब्द

इंग्रजीतला ‘रेड’ हा शब्द आता आपल्या घरचाच झाला आहे. प्राप्तिकर खात्याची रेड पडली, असे आपण सहज बोलून जातो. पण त्याचे कूळ शोधू गेले तर मोठी गंमत दिसते. जुन्या इंग्रजीत ‘राड’ म्हणजे घोड्यावरची रपेट. त्याच शब्दाचा इंग्रजीत ‘रोड’ झाला आणि स्कॉटलंडच्या बोलीत ‘रेड’. एकाच आईची दोन लेकरे. एक रस्ता झाले, दुसरे दरोडा! पुढे हे दुसरे लेकरू जवळजवळ विस्मृतीत गेले होते. सर वॉल्टर स्कॉटने १८०५ सालच्या आपल्या काव्यात त्याला पुन्हा घोड्यावर बसवले.

हा शब्द स्वाराचा. त्यात टापा ऐकू येतात, पेटलेले छप्पर दिसत नाही. उलट ‘प्लंडर’ पाहा. जर्मन भाषेत त्याचा मूळ अर्थ घरातले कपडेलत्ते, किडूकमिडूक. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–१६४८) सैनिकांनी तेच लुटले, आणि १६४२ साली पेटलेल्या यादवीत तो शब्द इंग्लंडात रूढ झाला. एक शब्द खोगिरावरचा, दुसरा फाटक्या वाकळेतला.

आणि आपण? ‘मुलूखगिरी’ म्हणताना आपली छाती फुगते. आज तर हौशी प्रवासालाही आपण तेच नाव देतो. पण १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर गेल्या, आणि १७५१ च्या तहापर्यंत तो प्रांत होरपळला. आपला साधा ‘बारगीर’ तिथे ‘बर्गी’ झाला आणि लेकरांना निजवायच्या गाण्यात जाऊन बसला. इकडची मुलूखगिरी ती तिकडची अंगाई.

फौजेला पोट होते, दौलतीला पैसा हवा होता, काळाची रीतच तशी होती, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. पण कारण सांगितल्याने कृत्य समजते; ज्याची कणगी रिकामी झाली, त्याचा हिशेब त्याने मिटत नाही.

दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात, त्यावर घोडेस्वार मांडतात. खुशाल मांडावेत. पायथ्याशी एखादे खेडेही असते. त्या खेड्याची गोष्टही त्यांना सांगावी. आपल्या भाषेने ती जपून ठेवली आहेच. एरवी धडधाकट माणूस कुरकुरू लागला की घरातली आजी विचारते, “तुला काय धाड भरलीय?” तिच्या तोंडी धाड म्हणजे पराक्रम नव्हे, दारात आलेले संकट. भाषेतली ही आजी स्वारापेक्षा शहाणी आहे.