मौन आणि संमती
ओमानमधील माबेल्याच्या इंडियन स्कूलमधून बारावी होऊन पुण्यामुंबईच्या महाविद्यालयांत दाखल होणाऱ्या मुलींच्या मराठी आईबापांनी वसतिगृहाची चौकशी करण्याआधी एक नैतिक प्रश्न विचारावा, असे मला कळकळीने वाटते: भयग्रस्त मौनाला संमती ठरवण्याचा अधिकार कोणाला? तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज ठाण्यात १९७२ साली पोलिसांच्या अत्याचाराला बळी पडलेल्या आदिवासी मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, सबब तिची संमती होती, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने दिला, तेव्हा १९७९ मध्ये दिल्ली व पुणे विद्यापीठांतील चार प्राध्यापकांनी, ज्यांत वसुधा धागमवार होत्या, सरन्यायाधीशांना खुले पत्र धाडले. विद्यापीठाचा धर्म तो हाच. आज महाविद्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती सक्तीची आहे, चौकशीदरम्यान पीडितेला तीन महिन्यांपर्यंत रजेची तरतूदही आहे. परंतु फिर्यादी मुलीची जात पाहून समिती तिच्या शब्दाचे वजन करू लागली, तर तिचा तक्रार अर्ज नुसता दप्तरी दाखल होतो.