हाडांची उचल

आमच्या घरात कपाटावर दोन एक्स-रे ठेवलेत. दोन्ही डाव्या मनगटाचे. एक मावशीचा, एक तिच्या नातीचा.

मावशी ५२ वर्षांची. दिवाळीच्या आधी न्हाणीत पाय घसरला, तिने हात टेकला आणि मनगट मोडलं. नात ११ वर्षांची. तिचं काहीच मोडलं नव्हतं. दोन वर्षं उंची वाढेना, वर्गात बाकावरच झोपायची, म्हणून डॉक्टरांनी हाडांचं वय बघायला सांगितलं. ते निघालं आठ. रक्त तपासलं तर थायरॉइड कमी. इकडे मावशीच्या हाडांची घनता मोजली, तर ती सत्तरीच्या बाईची वाटावी इतकी. एकीची हाडं वयाच्या मागे राहिली, दुसरीची पुढे निघून गेली.

दोघींच्या वेळी डॉक्टरांनी एकच विचारलं, "इतके दिवस काय करत होता?"

आम्ही गप्प. खरं उत्तर होतं, चालवून घेत होतो. पोरीला आम्ही आळशी म्हणत होतो. आईवर गेलीय, बुटकीच राहायची, असंही म्हणत होतो. आणि मावशीचं कंबरदुखीवरचं उत्तर ठरलेलं होतं, "चालायचंच. बाईच्या जातीला दुखणारच."

मावशी बीड जिल्ह्यातली. लग्नानंतर पंधरा हंगाम ऊसतोडीला गेली. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. हंगामाआधी मुकादम त्या कोयत्याला उचल देतो, म्हणजे आगाऊ पैसे. ते फिटेपर्यंत राबायचं. एक दिवस चुकला की खाडा, खाड्याचा दंड. पाळीत अंगावरून जास्त जायला लागलं तेव्हा मावशी ३१ वर्षांची होती. तालुक्याच्या एका दवाखान्यात सांगितलं, पिशवी काढून टाका, कटकट जाईल. तिने काढली. महिनाभरात ती पुन्हा फडात मोळ्या वाहत होती.

ती एकटी नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीडमधल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली.

मनगट मोडल्यावर केलेल्या सोनोग्राफीत कळलं की मावशीचे दोन्ही अंडाशयही त्याच वेळी काढले होते. हे तिला एकवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. कागद तर नव्हताच.

इथे हाडांचा हिशोब समजून घ्यावा लागतो. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. पण रक्तातही ते ठरावीक प्रमाणात लागतंच, नाहीतर हृदय नीट चालत नाही, स्नायू आखडतात. खाण्यातून कमी आलं की गळ्यातल्या चार बारीक ग्रंथी पॅराथायरॉइड हार्मोन सोडतात आणि हाडांतून उचल घेतली जाते. रक्ताच्या रिपोर्टात सगळं ठीक दिसतं. हाड झिजताना दुखत नाही. मोडतं तेव्हा कळतं.

उचल घेणं वाईट नाही. अंगावर पाजणाऱ्या आईच्या हाडांची घनता काही टक्क्यांनी उतरते आणि बाळाचं दूध तुटल्यावर बहुतेक भरूनही येते. शरीर देतं तसं परत भरतंही. या भरण्यात इस्ट्रोजेनचा मोठा वाटा असतो. ते गेलं की हाड झिजवणाऱ्या पेशी जोरात कामाला लागतात आणि बांधणाऱ्या पेशींना ते भरून काढणं जमत नाही. पाळी गेल्यावर, साधारण पन्नाशीच्या आसपास, बायकांचं हे होतंच. मावशीचं एकतिसाव्या वर्षी एका दुपारीत झालं. अशा वेळी बहुतेक बायकांना नेहमीची पाळी जायच्या वयापर्यंत हार्मोनची औषधं देता येतात. तिला कुणी दिली नाहीत, कारण काय काढलं हेच तिला माहीत नव्हतं.

आपल्याकडे अशा बाईला त्यागी म्हणतात. मला हा शब्द आता अडतो. त्याग करणाऱ्याला आपण काय देतोय हे माहीत असावं लागतं आणि नाही म्हणायची मुभा असावी लागते. मावशीकडे यातलं काहीच नव्हतं. तिच्या हाडांतून उचल घेतली गेली. मुकादमाने घेतली, कारखान्याने घेतली, तिच्या हातची गरम भाकरी खाऊन पुण्याला शिकायला गेलेल्या मीही घेतली. आणि फेडायच्या जागी आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. कौतुक हे सगळ्यात स्वस्त पडतं.

हे मी तिला बोलून दाखवलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग मी सोसलं ते सगळं वाया गेलं का?"

मला पटकन उत्तर आलं नाही. कधी तक्रार केली नाही, एवढाच तिचा अभिमान. तो काढून घेतला तर मी तिच्याकडून आणखी एक गोष्ट घेतली असं होईल. खूप वेळाने म्हटलं, "मावशी, तुझं बळ तुझंच आहे. आम्ही ते गृहीत धरलं, चूक ती आहे." तिला पटलं का, माहीत नाही.

पण सोसणं हा गुण आहे असं आता मला म्हणता येत नाही. कधी कधी सोसावं लागतं, एवढंच खरं. गुण असेल तर तो दुसऱ्याचं दुखणं वेळेवर ऐकण्यात आहे. हाडांची शिल्लक साधारण तिशीपर्यंतच वाढते. हे वाचणाऱ्या बऱ्याच जणींची अजून वाढतेय. तुमची पाळी महिनोन् महिने येत नसेल, घरातलं पोर वाढत नसेल, तर 'चालायचंच' म्हणण्याआधी थोडं थांबा.

नात आता रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते. सहा महिन्यांत फ्रॉक आखूड झाले. परवा एक नातेवाईक म्हणाल्या, "थायरॉइडचं बाहेर कुणाला बोलू नका, उद्या पोरीचं लग्न जमवायचंय."

मावशी भाकरी थापत होती. मनगट अजून पुरतं वळत नाही. हात न थांबवता म्हणाली, "सांगणार. गप राहून माझं काय झालं ते तिथं कपाटावर ठेवलंय, बघा."