काशीतील एक नेमणूक

विद्येचा अधिकार जन्माने येतो की व्यासंगाने, हा वाद काशीला नवा नाही. पैठणच्या एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका शके १४९५ मध्ये याच नगरीत पूर्ण केली, आणि शास्त्रार्थ प्राकृतात उतरविल्याबद्दल प्रथम हरकत घेणाऱ्या पंडितांनीच पुढे त्या ग्रंथाचा गौरव केला, असे परंपरा सांगते. दारा शुकोहने इ. स. १६५७ मध्ये उपनिषदांचे फारसी भाषांतर सिद्ध केले, तेही काशीच्याच पंडितांच्या साहाय्याने.

त्याच काशीत, बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या संस्कृतविद्या धर्मविज्ञान संकायात, साहित्य विभागाचे सहायक प्राध्यापक म्हणून डॉ. फिरोज खान यांची २०१९ साली नेमणूक झाली, तेव्हा धर्मविद्येच्या संकायात मुसलमान अध्यापक नको, असे म्हणत काही विद्यार्थ्यांनी कुलगुरूंच्या निवासस्थानापुढे धरणे धरले. खान राजस्थानातील बगरूचे, लहानपणापासून संस्कृत शिकलेले. त्यांचे वडील भजने गाणारे आणि गोसेवेत रमलेले.

विद्यार्थ्यांचे म्हणणे सर्वस्वी पोकळ होते असे मी म्हणणार नाही. जेथे वेद आणि कर्मकांड शिकविले जाते तेथे आचार्य केवळ अर्थ सांगत नाही, आचरूनही दाखवितो, आणि अशा विद्येला श्रद्धेची अट घालणे हे जगातील बहुतेक धर्मपीठांना मान्य आहे. परंतु ही नेमणूक होती साहित्य शिकविण्यासाठी! काव्याचा अधिकारी कोण, या प्रश्नाचा निर्णय अभिनवगुप्ताने सहस्र वर्षांपूर्वीच देऊन ठेवला आहे: काव्याच्या निरंतर परिशीलनाने ज्याचे मन आरशासारखे निर्मळ झाले, तो सहृदय. या लक्षणात कुळाची चौकशी नाही. ज्या शास्त्राच्या रक्षणार्थ धरणे धरले गेले, तेच शास्त्र धरणे धरणाऱ्यांच्या विरुद्ध साक्ष देत होते.

प्रशासनाने नेमणुकीची पाठराखण केली, आवारातील अन्य विद्यार्थ्यांनी खान यांच्या समर्थनार्थ मोर्चाही काढला. तथापि डिसेंबरात त्यांनी राजीनामा दिला आणि त्याच विश्वविद्यालयाच्या कला संकायातील संस्कृत विभागात ते रुजू झाले. तंटा मिटला, दप्तरी नोंद झाली. त्यांनी अन्य विभागात शिकवावे, त्याला आमची ना नाही, असे आंदोलक म्हणत होते; म्हणजे त्यांच्या विद्वत्तेविषयी कोणाला शंका नव्हती. मग एका इमारतीत अनधिकारी ठरलेला शिक्षक त्याच आवारातील दुसऱ्या इमारतीत अधिकारी कसा ठरतो, याचे उत्तर मात्र आंदोलकांनीही दिले नाही आणि ही तजवीज मान्य करणाऱ्यांनीही दिले नाही. माझ्या मते ही तडजोड होती, निर्णय नव्हता. आणि तिची किंमत साहित्य विभागातील त्या विद्यार्थ्यांनी मोजली, ज्यांना एका व्यासंगी अध्यापकापुढे बसता आले नाही.